पांढरं कार्ड, भिशीचे पैसे आणि विम्याचा अर्ज

प्रश्न

नाशिकहून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ४६, चार घरी पोळ्यांचं काम, त्यातून महिन्याला सहा हजार. यजमान ५१ वर्षांचे, भाड्याची रिक्षा चालवतात. भाडं आणि गॅस जाऊन आठेक हजार हातात राहतात. त्यांना आठ वर्षांपासून साखर आहे. मुलगा २३ वर्षांचा, अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत कामाला, पगार १४ हजार. ७३ वर्षांच्या सासूबाई यांच्याजवळच राहतात. घरात पांढरं रेशन कार्ड आहे, कारण यजमान पूर्वी कंपनीत कायम होते.

दोन वर्षांपूर्वी दिरांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांचं कार्ड केशरी. रात्री जवळच्या खाजगी रुग्णालयात नेलं, तिथे ‘हे कार्ड इथे चालत नाही’ असं सांगितलं आणि पावणेदोन लाख भरावे लागले. जावेचं मंगळसूत्र अजून सोडवलेलं नाही. आता नणंदेचे जावई, जे विमा एजंट आहेत, पाच लाखांची पॉलिसी सुचवत आहेत. हप्ता वर्षाला २१,६००. सासूबाई त्यात नाहीत, आणि अर्जात साखर लिहायची नाही असं ते म्हणतात. ते जमत नसेल तर ‘सरकारी पाच लाखांच्या वरचा’ टॉप-अप साडेचार हजारांत घ्या, असा दुसरा पर्याय त्यांनी दिला आहे. ताईंची चोवीस हजारांची भिशी पुढच्या महिन्यात लागणार आहे. त्या विचारतात: ‘भिशी विम्यात घालू का? यजमान म्हणतात, सरकारी कार्डावर गेलं की कुत्रं विचारत नाही. बँकेतून दरवर्षी विम्याचे ४५६ रुपये कापले जातात, तो कसला विमा? आम्ही ना गरिबांच्या यादीत, ना पैसेवाल्यांच्या. आमच्यासारख्यांनी करायचं काय?’

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी दोनदा वाचलं. ‘ना गरिबांच्या यादीत, ना पैसेवाल्यांच्या.’ मी तेवीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम केलं. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून हे वाक्य किती बायकांनी म्हटलं असेल याची गणती नाही. पोळ्या करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, मुलांच्या शिकवण्या घेणाऱ्या बायका. पण तुमच्या बाबतीत ते वाक्य आता खरं राहिलेलं नाही, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी पिवळ्या आणि केशरी कार्डासाठी होती, आणि संरक्षण होतं वर्षाला दीड लाखाचं. ती २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, पुढे राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिचं नाव बदललं. लोकांच्या डोक्यात अजून तीच जुनी योजना आहे. मात्र २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने दोन मोठे बदल झाले. संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं, आणि पांढऱ्या कार्डासकट राज्यातली सगळी कुटुंबं योजनेत आली. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून सुरू झाला. म्हणजे तुम्ही, तुमचे यजमान आणि मुलगा, तिघंही आज योजनेत बसता. यासाठी एक रुपयाही हप्ता भरायचा नाही, तो भार सरकार उचलतं. तुम्ही भिशी मोडून जे पाच लाखांचं छत्र विकत घ्यायला निघालात, तेवढंच एक छत्र तुमच्या डोक्यावर आधीच आहे. प्रश्न एवढाच आहे की ते पावसात उघडतं की नाही.

तुमच्या दिरांच्या वेळी ते उघडलं नाही. त्या रात्री काय झालं असावं ते तुमच्या पत्रावरून मला दिसतं. ही योजना सगळ्या रुग्णालयांत नसते. ज्यांनी सरकारशी करार केला आहे अशा अंगीकृत रुग्णालयांतच ती चालते. त्यातही एक मेख आहे: एखादं रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी योजनेत असतं, पण हृदयासाठी नसतं. दारावर योजनेचा फलक दिसतो, माणूस निर्धास्त आत जातो आणि आतून उत्तर मिळतं, ‘याला चालत नाही.’ रात्री अकरा वाजता छातीला हात लावून बसलेल्या माणसाच्या घरच्यांनी हे कुठून शोधायचं? म्हणून ते आज शोधायचं, सगळे धडधाकट असताना.

आणखी एक गोष्ट. या योजनेत पैसे रुग्णालयाला परस्पर जातात. आपण आधी भरायचे आणि मागून पावत्या दाखवून परत घ्यायचे, अशी ही योजना नाही. एकदा रोख भरून बाहेर पडलं की ते पैसे योजनेतून परत येतील अशी आशा धरू नका. दिरांच्या पावणेदोन लाखांचं तेच झालं. आपण फसलो असं तुम्हाला वाटतं आहे. मला वाटतं, कार्ड खरं होतं, पण दार चुकलं. हा फरक मी मुद्दाम सांगते आहे, कारण आपण फसलो असं वाटलं की माणूस भीतीपोटी विमा घेतो, आणि भीतीपोटी भरलेल्या अर्जात चुका होतात.

यजमानांचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. कार्डाच्या रुग्णाला ताटकळत ठेवलेलं मी पाहिलं आहे. ‘पॅकेजमध्ये हे औषध बसत नाही’ असं सांगून बाहेरून आणायला लावलेलंही पाहिलं आहे. पण त्याच वॉर्डात, त्याच कार्डावर बायपास झालेली माणसं चालत घरी गेलेली पाहिली, वर्षानुवर्षं डायलिसिस घेणारी माणसं पाहिली, ज्यांना ते खिशातून कधीच परवडलं नसतं. अंगीकृत रुग्णालयात योजनेच्या आजारासाठी दाखल झालेल्या रुग्णाकडून उपचार, तपासण्या, औषधं, शुश्रूषा, जेवण यांचे पैसे घ्यायचे नसतात. घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा आणि परतीचा एक वेळचा प्रवासखर्चही त्यात धरलेला असतो. पैसे मागितले तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करायला रुग्णालयात बसणाऱ्या माणसाला, सांगा. तेवढ्याने भागलं नाही तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. वॉर्डात उभं राहून, शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असा तो फोन केला की पुष्कळदा सूर बदलतो. हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

आता कागद. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त अडकलेली गोष्ट आजार नव्हती, नाव होतं. एका आजोबांचं ऑपरेशन ठरलं होतं, रुग्णालय अंगीकृत होतं, सगळं जमून आलेलं. रेशन कार्डावर ‘रामदास’, आधारवर ‘रामभाऊ’. त्यांचा मुलगा प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन दोन दिवस पुरवठा कार्यालय ते रुग्णालय अशा फेऱ्या मारत होता. तिसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर बसला तेव्हा पिशवीचा एक बंद तुटलेला होता आणि तो बंदाला गाठ मारत होता, बोलत काहीच नव्हता. एका नावापायी तीन दिवस. ताई, या रविवारी घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं आणि तुमचं रेशन कार्ड जमिनीवर शेजारी शेजारी मांडा. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, जन्मसाल, एकेक अक्षर जुळतं का ते मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. लग्नाआधीचं नाव राहून गेलेलं असतं, ‘बाई’, ‘राव’ लागलेलं असतं. पांढरं कार्ड असणाऱ्यांनी आणखी एक बघायचं: कार्डाची ऑनलाइन नोंद आहे का, बारा अंकी क्रमांक पडला आहे का. आजवर धान्य मिळत नव्हतं म्हणून पुष्कळ पांढरी कार्डं ट्रंकेत तशीच पडून आहेत. क्रमांक नसेल तर पुरवठा कार्यालयात जाऊन घ्या. मग आपले सरकार सेवा केंद्रात किंवा आशाताईंकडून तिघांची आयुष्मान कार्डं, म्हणजे याच योजनेसाठी दाखवायची कार्डं, काढून घ्या.

सासूबाईंचं नाव कोणत्या रेशन कार्डावर आहे तेही बघा. गावाकडच्या थोरल्या मुलाच्या कार्डावर राहून गेलेल्या आया मी खूप पाहिल्या. योजनेचं कुटुंब म्हणजे कार्डावरचं कुटुंब. पण सासूबाईंसाठी वेगळी वाटही आहे. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. घरातली माणसं आयुष्मान भारतमध्ये आधीपासून असतील तर वयस्करांना त्यांच्यापुरते आणखी पाच लाख मिळतात, ते इतरांमध्ये वाटले जात नाहीत. यासाठी वयाचा पुरावा आधारच. त्यावरचं जन्मसाल नीट बघा, कारण आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर कुणीतरी अंदाजाने १ जानेवारी आणि एखादं साल घातलेलं असतं. साल चुकलं असेल तर शाळेचा दाखला किंवा दुसरा मान्य पुरावा हुडकायला आत्ताच लागा. जावयांनी ज्यांना ‘परवडणार नाही’ म्हणून पॉलिसीबाहेर ठेवलं, त्या घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईसाठी हे कार्ड आहे. माझ्या मते तुमच्या घरातलं पहिलं काम हेच.

आता मुलाकडे वळू. त्याच्याबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिली आहे, पण मला वाटतं तुमच्या घरातला सर्वांत दुर्लक्षित विमा त्याच्याच खिशात आहे. त्याची पगाराची चिठ्ठी मागा. कपातीच्या बाजूला ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, असं लिहिलेलं आहे का बघा. १४ हजारांवर पाऊण टक्का म्हणजे १०५ रुपये कापलेले दिसायला हवेत. मालकाने त्यावर सव्वातीन टक्के, म्हणजे ४५५ रुपये, स्वतः भरायचे असतात. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला हे कामगार राज्य विम्याचं संरक्षण मिळतं, मग तो कंत्राटदाराकडचा असला तरी. यात ओपीडी आहे, औषधं आहेत, दाखल होणं आहे, आणि आजारपणात काम बुडालं तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के रक्कमही मिळते; त्यासाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. नाशिकमध्ये सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे. मुलाला विचारा, ई-पहचान कार्ड, म्हणजे ईएसआयचं ओळखपत्र, काढलंय का? दहांतली निम्मी मुलं म्हणतात, ‘हो, कापतात काहीतरी.’

पगारातून पैसे कापले जात असतील आणि नोंदणी क्रमांकच दिलेला नसेल, तर कंत्राटदाराला लेखी विचारा. त्याने टोलवाटोलवी केली तर मूळ कंपनीच्या कार्यालयात जा, कारण कंत्राटी कामगाराच्या वर्गणीची अंतिम जबाबदारी मूळ मालकावर असते. तुम्ही दोघं त्याच्या कार्डावर याल का, हे मात्र धरून चालू नका. आई-वडील त्याच्यावर अवलंबून आहेत हे दाखवावं लागतं आणि त्यांच्या उत्पन्नाला मर्यादा आहे. ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन विचारा. आजी त्यात येत नाहीत.

आणि ते ४५६ रुपये. यातले २० रुपये अपघात विम्याचे, ४३६ जीवन विम्याचे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख, आणि दुसऱ्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख. आजारपणाचा एक पैसाही यातून येत नाही. तरी बंद करू नका. रिक्षा चालवणाऱ्याच्या घरात वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा असायलाच हवा. फक्त मे महिन्याच्या अखेरीला खात्यात तेवढी शिल्लक ठेवा, नाहीतर हप्ता जात नाही आणि विमा बंद पडलेला कळतही नाही. वारस म्हणून कुणाचं नाव आहे तेही पासबुक घेऊन जाऊन विचारा.

आता जावयांच्या पॉलिसीबद्दल. खाजगी आरोग्य विमा वाईट असतो असं मी म्हणणार नाही. आपल्या पसंतीचं रुग्णालय, योजनेच्या यादीत नसलेले आजार, योजनेत नसलेलं पण घराजवळचं रुग्णालय, या ठिकाणी तो उपयोगी पडतो. पण तुमच्या घराचा हिशेब मांडून बघा. २१,६०० म्हणजे तुमच्या पोळ्यांचे साडेतीन महिने. आणि ही रक्कम दरवर्षी भरायची, वय वाढेल तशी वाढणारी. भिशी एकदा लागते, हप्ता दरवर्षी येतो. तीन वर्षं भरून चौथ्या वर्षी जमलं नाही आणि मुदत उलटली तर पॉलिसी गेली. पुढे नव्याने घेतली की जुन्या आजारांची थांबायची मुदत पुन्हा पहिल्यापासून. जावयांना एकच प्रश्न विचारा: ‘पुढच्या वर्षीचा हप्ता मी कुठून आणू?’ त्यांच्या सांगितलेल्या रकमेत जीएसटी धरला आहे का तेही विचारा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी पूर्ण काढला आहे. जुन्या दरपत्रकावरून आकडा सांगितला असेल तर तो कमी व्हायला हवा.

यजमानांची साखर लपवण्याबद्दल मी अगदी स्पष्ट सांगते: करू नका. तुम्ही खोटं बोलणाऱ्यांतल्या नाही, हे पत्रावरून कळतं. तरी माझी खरी काळजी पुढे काय होईल याची आहे. समजा दीड वर्षाने यजमानांच्या पायाला जखम झाली आणि दाखल करावं लागलं. पहिल्या दिवशी एक तरुण डॉक्टर केसपेपर घेऊन खाटेशी येईल आणि नेहमीसारखं विचारेल, ‘काका, साखर किती वर्षांपासून?’ यजमान म्हणतील, ‘आठ-नऊ वर्षं झाली.’ डॉक्टर ते लिहील. त्याला तुमच्या अर्जाशी काही देणंघेणं नाही. विमा कंपनी नेमका तोच केसपेपर मागवते. अर्जात ‘नाही’ आणि केसपेपरवर ‘आठ वर्षं’, एवढ्यावर दावा नाकारता येतो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. त्या वेळी जावई तुमच्यासाठी भांडतील का? अर्जावर सही त्यांची नसते, यजमानांची असते. ‘पाच वर्षं झाली की कोणी विचारत नाही’ असंही सांगतील. पाच वर्षं सलग पॉलिसी चालू राहिली की जुन्या माहितीवरून कंपनीला वाद घालता येत नाही हे खरं, पण जाणूनबुजून केलेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे.

साखर खरी लिहिली तर काय होईल? हप्ता थोडा वाढेल, किंवा साखरेशी संबंधित उपचारांसाठी थांबावं लागेल. हा थांबण्याचा काळ १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं केला आहे, पूर्वी चार होता. सरकारी योजनेत मात्र जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. म्हणजे ज्या आजाराची तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती आहे, त्याच्यासाठी आज, उद्या आणि पुढची तीन वर्षं तुमचं ‘फुकटचं’ कार्ड विकतच्या पॉलिसीपेक्षा जास्त कामाचं आहे.

साडेचार हजारांचा टॉप-अप ऐकायला फार सोयीचा वाटतो. पाच लाखांपर्यंत सरकार, त्याच्या वर कंपनी. पण हे दोन जिने एकमेकांना लागत नाहीत. टॉप-अपमध्ये पहिले पाच लाख तुमच्या बाजूने खर्च व्हावे लागतात, त्यानंतर कंपनीची जबाबदारी सुरू होते. रुग्णालय योजनेत असेल तर तिथे ठरलेल्या पॅकेजमध्ये उपचार होतात, पाच लाखांच्या वर बिल चढण्याची वेळ क्वचित येते. रुग्णालय योजनेत नसेल तर पहिले पाच लाख खिशातून. दिरांच्या रात्री हा टॉप-अप असता तर पावणेदोन लाखांतला एक रुपयाही त्यातून मिळाला नसता. ज्यांच्याकडे नोकरीतला किंवा स्वतःचा मूळ विमा आहे त्यांच्यासाठी टॉप-अप चांगली गोष्ट आहे. तुमच्यासाठी आज नाही.

म्हणून माझं मत असं, ताई: या वर्षी भिशी विम्यात घालू नका.

ती रक्कम बाजूला ठेवायची आहे, आणि कशासाठी ते सांगते. कोणतीही योजना आजारपणात बुडालेली रोजी देत नाही, मुलाची ईएसआय सोडली तर. यजमान पंधरा दिवस रुग्णालयात राहिले की रिक्षा उभी. तुम्ही त्यांच्याजवळ बसलात की चार घरच्या पोळ्या बंद. रुग्णालयाचं बिल शून्य आलं तरी घरभाडं, किराणा, सोबतच्या माणसाचा चहा आणि रिक्षाभाडं थांबत नाही, आणि मंगळसूत्रं पुष्कळदा याच खर्चापायी गहाण पडतात. चोवीस हजार म्हणजे यजमानांच्या रिक्षेचे तीन महिने. ते पोस्टात किंवा बँकेत, घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे, तुमच्या नावावर ठेवा. त्यातून एक काम मात्र लगेच करा, किंवा खर्च न करताच करा: यजमानांची तीन महिन्यांची सरासरी साखर, लघवीतलं प्रथिन आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. रिक्षावाल्याने डोळे तपासायला आठ वर्षं लावू नयेत. पत्रात तुम्ही साखरेची औषधं लिहिली आहेत, पण शेवटची तपासणी कधी झाली ते लिहिलेलं नाही, आणि मला तीच काळजी लागून राहिली आहे.

अंगीकृत नसलेल्या मोठ्या रुग्णालयात जायची वेळ आलीच, तर ते धर्मादाय न्यासाचं आहे का हे आधी विचारा. अशा रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तुमच्या घरात महिन्याला २८ हजार येतात, म्हणजे वर्षाला ३ लाख ३६ हजार. तुम्ही दुसऱ्या गटात बसता. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. दाखल झाल्या दिवशीच, बिल चढायच्या आधी, तिथल्या समाजसेवकाकडे जाऊन सवलत मागा. सुट्टीच्या दिवशी बिल हातात आल्यावर आलेल्या माणसाला मदत करणं फार अवघड जायचं, हे मी त्या खुर्चीच्या पलीकडच्या बाजूने सांगते.

आता एक संध्याकाळ द्या. १५५३८८ वर फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: नाशिकमध्ये हृदयाच्या उपचारांसाठी योजनेत कोणती रुग्णालयं आहेत, साखरेमुळे बिघडलेल्या पायासाठी कोणती, आणि आमच्या घरापासून सगळ्यात जवळचं कोणतं. यादी बदलत असते, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेले आहेत, तेही विचारा, म्हणजे ऐन वेळी ‘खाजगीत का नाही’ म्हणून वेळ जाणार नाही. जमलं तर त्या रुग्णालयात एकदा जाऊन आरोग्यमित्राचं टेबल कुठे आहे ते नुसतं पाहून या. बहुतेक ठिकाणी ते प्रवेशदाराजवळ असतं. मग रुग्णालयांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या मागे लावा, खाली १०८ लिहा. जीव धोक्यात असेल तेव्हा जे जवळचं असेल तिथेच जायचं, कार्डाचा विचार नंतर. पण दोन रुग्णालयं सारख्याच अंतरावर असतील तर तो कागद निर्णय घेईल. अंगीकृत रुग्णालयात तातडीच्या वेळी फोनवरून परवानगी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून दिले तरी चालतात. रात्री कार्ड घरी राहिलं म्हणून कुणी ‘आधी डिपॉझिट भरा’ म्हणालं तर हेच सांगा.

हे पत्र वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची गोष्ट थोडी वेगळी असेल. घरात सगळे तरुण आहेत, जुना आजार नाही, महिना-दोन महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक आधीच बाजूला आहे आणि हप्ता दरवर्षी जमेल अशी खात्री आहे, तर सरकारी योजनेच्या जोडीला एक छोटी पॉलिसी घेण्यात शहाणपण आहे. त्यांनी आरोग्य संजीवनीची चौकशी करावी. ही ठरीव स्वरूपाची पॉलिसी आहे, अटी सगळ्या कंपन्यांच्या सारख्याच, हप्ता तेवढा वेगळा, त्यामुळे तुलना सोपी जाते. त्यात बिलाचा पाच टक्के वाटा आपल्याला उचलावा लागतो, खोलीच्या भाड्यालाही मर्यादा आहे, एवढं माहीत असू द्या. कोणतीही पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांत, पटली नाही तर, परत करता येते. तुमच्या मुलाचा पगार उद्या २१ हजारांच्या वर गेला आणि ईएसआय सुटली, की त्याच्यापुरती अशी पॉलिसी घ्यायला हरकत नाही. त्या वयात हप्ताही कमी बसतो.

राहिले जावई. पत्रात तुम्ही लिहिलंय की नाही म्हटलं तर नणंदेच्या घरी वाईट दिसेल. हा प्रश्न मी लहान समजत नाही. नात्यातल्या संकोचापायी घेतलेल्या पॉलिसी माझ्यासमोर उघडल्या गेल्या आहेत. त्यांना चहाला बोलवा. सांगा की यंदा भिशी सासूबाईंच्या कागदांसाठी आणि यजमानांच्या तपासणीसाठी ठेवली आहे, पुढच्या वर्षी मुलाचं बघू. ते माणूस म्हणून चांगले असतील तर समजून घेतील, आणि मुलाची पॉलिसी त्यांच्याकडूनच घ्या. त्या वेळी अर्ज त्यांच्या घरी नको, तुमच्या घरी भरायचा. आधीच्या आजारांचा रकाना मुलाने स्वतःच्या हाताने भरायचा, आणि सही करण्याआधी भरलेल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा.